बार्बेरा दास्ती: हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या जेवणांतला अनुभव

इटलीतील तोरिनोत (तुरिनमध्ये) आमच्याकडे मागच्या हिवाळ्याच्या तोंडापासून आता उन्हाळा सरत येईपर्यंत रात्रीच्या जेवणाबरोबर बहुतेक वेळा बार्बेरा दास्ती हीच लाल वाइन राहिली आहे. वेगवेगळ्या उत्पादकांच्या साध्या आणि लाकडी पिंपात मुरवलेल्या बाटल्या घेऊन पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, या वाइनची पारख जेवणाच्या ताटाबरोबरच करावी. नुसता घोट घेतला तर ती अनेकांना फार आंबट वाटेल.

हा आंबटपणा द्राक्षाचाच गुण आहे. बार्बेराचे घड पूर्ण पिकून साखरेने भरले तरी त्यांतली आम्लता टिकून राहते, तर तोंड कोरडे करणारे टॅनिन मात्र त्यांत बेताचेच असते. त्यामुळे पेल्यात जवळजवळ जांभळी दिसणारी ही वाइन रंगावरून वाटते तितकी जड आणि तुरट लागत नाही. आंबट चेरी आणि आलुबुखाराचा वास आधी येतो आणि घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटते. आस्ती आणि आलेस्सांद्रिया प्रांतांतल्या मोंफेर्रातोच्या टेकड्यांवर होणाऱ्या या वाइनमध्ये किमान ९० टक्के बार्बेरा असावी लागते आणि २००८ पासून तिला डीओसीजी हा इटलीतील सर्वोच्च दर्जा आहे. शेजारच्या लांगे भागात उन्हाचे उत्तम उतार बारोलो या वाइनसाठी लागणाऱ्या नेब्ब्योलो द्राक्षाकडे जातात. आस्तीच्या बाजूला ते बार्बेराला मिळतात, आणि हा फरक मला चवीत जाणवतो.

जेवणाबरोबरचा सर्वांत सुंदर अनुभव आन्योलोत्ती देल प्लिनचा आहे. भाजलेल्या मांसाचे सारण भरून बोटांच्या चिमटीने बंद केलेले हे इवलेसे पास्ते लोणी आणि सेजच्या पानांत परतून येतात. चार-पाच घासांनंतर लोण्याचा थर जिभेवर बसतो आणि सारणातला मसाला मागे पडू लागतो; नेमक्या त्या वेळी बार्बेराचा एक घोट घेतला की जीभ स्वच्छ होते आणि पुढच्या घासात जायफळ पुन्हा स्पष्ट लागते. तळलेल्या माशांच्या जेवणात सोलकढी जे काम करते, तेच हे आहे.

हिवाळ्यात केल्या जाणाऱ्या बान्या काउदाबरोबर तर मला दुसरी लाल वाइन सुचवताच येणार नाही. खारवलेले अँचोवी मासे आणि भरपूर लसूण ऑलिव्ह तेलात मंद आचेवर विरघळवून त्यात भाज्या बुडवून खायच्या, असा हा पदार्थ आहे. खारट माशाबरोबर टॅनिनयुक्त वाइन कडवट, धातूसारखी लागते. बार्बेरात ती अडचण येत नाही. टोमॅटोच्या रश्शातल्या पास्त्याबरोबरही ती उत्तम जुळते, कारण आंबट पदार्थापुढे कमी आंबट वाइन बेचव होते. घरच्या तिखट मटणाच्या रश्शाबरोबर मात्र ती देऊ नये. बहुतेक बाटल्यांत मद्यार्क १४ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तिखटाने त्याची आग वाढते. तिखट हात राखून घातलेले, खोबऱ्याचे वाटण लावलेले मटण चालते.

लाकडाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. रोक्केत्ता तानारो गावच्या जाकोमो बोलोन्या यांनी १९८२ च्या द्राक्षांपासून ‘ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने’ ही बार्बेरा लहान ओक पिंपांत मुरवून या द्राक्षाला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचे मोठे कार्य आहे. परंतु त्या वाटेने जाणाऱ्या काही बाटल्यांत व्हॅनिलाचा वास इतका पुढे येतो की फळ हरवते. ‘सुपेरिओरे’ लिहिलेली वाइन किमान १४ महिने मुरवलेली असते, त्यांपैकी ६ महिने लाकडात. २०१४ पासून स्वतंत्र दर्जा मिळालेली नित्सा ही वाइन पूर्णपणे बार्बेराची आणि अधिक भारदस्त असते. उकडलेल्या मांसाच्या बोल्लितो मिस्तोसाठी किंवा जुन्या चीजसाठी ती जरूर घ्यावी.

रोजच्या जेवणाला साधी, लाकूड न लागलेली, दोन-तीन वर्षांच्या आतली बाटली पुरेशी आहे. ती १६ अंशांच्या आसपास द्यावी. उन्हाळ्यात वाढण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवल्यास फळाचा ताजेपणा जास्त खुलतो. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीही चांगली लागते.