शिरवळजवळचा फास्ट चार्जर: चार्जिंग मस्त, पण गाडी कुठंय ते भलत्यालाच कळतं

काही दिवसांपूर्वी एका शनिवारी पुण्याहून साताऱ्याला जाताना शिरवळच्या पुढे एका हॉटेलच्या पार्किंगमधे हा चार्जर वापरला. ६० किलोवॅटचा आहे, दोन्ही गन (गाडीत लावायचे प्लग) चालू होत्या, वर पत्र्याची शेड, लाइट भरपूर, बाथरूम स्वच्छ, चहापण चांगला. २२ टक्क्यांवरून ८० टक्के पाऊण तासात झाली.

पण मी चार्जिंग कंपनीचं ॲप उघडायच्या आधीच चार्जिंग सुरू झालं. मला वाटलं चला, कटकट वाचली. पाच मिनिटांत फोन आला, मी ज्यांच्याकडून ही गाडी दिवाळीत सेकंडहँड घेतली त्यांचा. "ताई, तुम्ही शिरवळला आहात का? माझ्या वॉलेटमधून पैसे कट होतायत." माणूस सज्जन, म्हणाले निवांत चार्ज करा, नंतर पाठवा. पैसे मी लगेच पाठवले हो, पण रात्रीचे साडेनऊ, सोबत फक्त लेक, आणि मी नेमकी कुठल्या पार्किंगमधे कुठल्या गनला उभी आहे ते दुसऱ्याच कुणाच्या मोबाईलवर दिसतंय, हे कळल्यावर पोटात गोळाच आला. हाच माणूस वाईट असता तर?

चार्जिंग कंपनीचा कस्टमर केअरवाला म्हणाला हे ऑटोचार्ज. सीसीएस२ (फास्ट चार्जिंगचा प्रकार) गन लावली की गाडीचा मॅक ॲड्रेस, म्हणजे गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक, चार्जरला कळतो, चार्जर तो कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि तो ज्याच्या खात्याला जोडलेला असेल त्याला बिल जातं. गाडी विकली तरी तो क्रमांक बदलत नाही. आम्ही आरसी ट्रान्सफर केली, इन्शुरन्स केला, फास्टॅग बदलला, पण असलं काही असतं हेच दोघांना माहीत नव्हतं. जुन्या मालकांनी बिलाचा स्क्रीनशॉट पाठवला त्यात खाली त्यांच्या स्वतःच्याही जुन्या नोंदी, कुठलं स्टेशन, तारीख, किती वाजता, किती मिनिटं. एवढं सगळं साठवून कशाला ठेवायचं? २०२३ मधे शेल या तेल कंपनीच्या चार्जिंग नेटवर्कचा डेटाबेस पासवर्डशिवाय उघडा सापडला होता, त्यात ग्राहकांची नावं, ईमेल, फोन नंबर होते.

ॲपमधे खातं डिलीट करायचं बटणच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिलाय, तसं लिहून आम्ही दोघांनी ईमेल केला. चार्जिंगला पाच स्टार, या प्रकाराला एक. सेकंडहँड ईव्ही घेत असाल तर जुन्या मालकाला समोर बसवून सगळ्या चार्जिंग ॲपमधून गाडी काढायला लावा, मगच पैसे द्या. आमच्या ईमेलला आज नववा दिवस, गाडी अजून त्यांच्याच खात्यात आहे.