मालदांडीवर काम करायचंय, तर डीएनए वाचायचा की आरएनए?

मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाच्या दुष्काळ सोसण्याच्या गुणावर काम करणारे विद्यार्थी सोलापुरात भेटले की हमखास विचारतात: पैसे एकाच कामापुरते आहेत, कुठलं सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचं की आरएनएचं अक्षरवाचन, करू? मी दोन्ही केलंय, म्हणून माझ्या अनुभवापुरतं सांगतो.

आरएनएची ओढ मला समजते. दाणे भरताना जमिनीतली ओल संपत आली, की कुठली जनुकं जागी होतात आणि कुठली निजतात, हे त्यातच दिसतं. डीएनए ते सांगत नाही.

पण आरएनए टिकत नाही. पान तोडल्या क्षणापासून ते बिघडू लागतं. आम्ही जानेवारीत मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात दोन वाण, दोन पाणीपाळ्या, तीन अवस्था आणि प्रत्येकी तीन झाडं असे ३६ नमुने घेतले. पान तोडलं की लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये. पुढे ड्राय आइसच्या डब्यातून कुरिअरने रवाना. डबा शनिवार-रविवार वाटेतच पडून राहिला आणि सोमवारी पोचला तेव्हा आत बर्फ उरला नव्हता. ११ नमुन्यांचा आरआयएन, म्हणजे आरएनएच्या शाबूतपणाचा १ ते १० मधला आकडा, ५ च्याही खाली गेला. रब्बी वर्षातून एकदाच येते, त्यामुळे आमचं अख्खं वर्ष गेलं. वाचलेल्या नमुन्यांतही एक गोष्ट मला आजवर खटकते. पहिली पानं सकाळी दहाला तोडली होती, शेवटची दीड वाजता. जनुकांची हालचाल उन्हाबरोबरही बदलते. मग दिसलेला फरक पाण्याच्या ताणाचा किती आणि दुपारचा किती?

पुढच्या हंगामात मालदांडीच्या संकरातून आलेल्या ओळींची (म्हणजे त्यातून निघालेल्या वेगवेगळ्या वंशांची) कोवळी पानं सिलिका जेलच्या पाकिटांत घालून साध्या टपालाने पाठवली. सगळी वापरण्याजोगी निघाली. ज्वारीचा जीनोम, म्हणजे तिचा संपूर्ण डीएनए, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा आहे आणि २००९पासून बीटीएक्स६२३ या वाणाचा संदर्भ जीनोम उपलब्ध आहे, त्यामुळे छोटे रीडही, म्हणजे वाचलेले लहान तुकडेही, त्याच्याशी नीट जुळवता येतात. आम्ही पूर्ण जीनोम न वाचता जीबीएस केलं, म्हणजे विकरांनी डीएनए कापून त्यातले ठरावीक तुकडेच वाचले. त्यात माहितीच्या जागा रिकाम्या राहतात, हे खरं. एकाच संकरातल्या ओळी असतील तर आजूबाजूच्या खुणांवरून त्या बऱ्याच भरून काढता येतात. शिवाय ती माहिती शिळी होत नाही. त्याच ओळींची पानं किती दिवस हिरवी राहतात हे आम्ही एका वर्षी मोजलं, पुढच्या वर्षी खोडमाशीचा प्रादुर्भाव मोजला. सिक्वेन्सिंगचा खर्च मात्र एकदाच झाला.

तुमच्याकडे शेताजवळ उणे ८० अंशांचा फ्रीझर, वीज गेली तर जनरेटर आणि तासाभरात सगळी पानं तोडणारी माणसं असतील, तर आरएनए जरूर करा. नसतील तर आधी डीएनएवरून त्या गुणाशी जोडलेला गुणसूत्राचा नेमका पट्टा शोधा. मग त्या पट्ट्यातल्या मोजक्या जनुकांसाठी मोजक्या झाडांचं आरएनए काढा, आणि डबा सोमवारीच पाठवा.