स्ट्रॅट घ्यावी की टेली? आधी ब्रिज बघा

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरवली की बरेच जण फिरून फिरून याच दोन नावांपाशी येऊन थांबतात: टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर. त्यात नवल नाही, दोघी सख्ख्या बहिणी आहेत. फेंडर कंपनीची टेली १९५१ पासून या नावाने ओळखली जाते. त्याआधी ती ब्रॉडकास्टर होती, पण ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच असल्यामुळे बदलावं लागलं. स्ट्रॅट आली १९५४ मध्ये. नट (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ते ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) हे अंतर दोघींचं साडेपंचवीस इंच. दोघींच्या मेपल लाकडाच्या नेक, म्हणजे माना, बॉडीला स्क्रूने जोडलेल्या, पिकअप (तारांचं कंपन टिपून त्याचा विजेचा संकेत करणारे भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, सहाही खुंट्या एका ओळीत. डोळे मिटून नुसता नेकवर हात फिरवला तर फरक कळणं कठीण.

म्हणून मग लोक आवाजावरून ठरवायला बसतात. माझं म्हणणं, ब्रिजवरून ठरवा. आवाज अ‍ॅम्पवर बराच घडवता येतो, पिकअप पुढे बदलता येतात. ब्रिजच्या स्वभावाशी मात्र रोज गाठ पडते.

टेलीचा ब्रिज म्हणजे बॉडीवर घट्ट बसवलेली धातूची पट्टी. तारा बॉडीच्या मागून आरपार येतात आणि सॅडलवरून, म्हणजे ब्रिजवरच्या छोट्या आधारांवरून, पुढे जातात. हलणारं काहीच नाही. स्ट्रॅटचा ब्रिज पुढच्या कडेवर टेकलेला असतो आणि त्याखाली धातूचा ठोकळा. मागच्या पोकळीतल्या तीन ते पाच स्प्रिंगा त्या ठोकळ्याला ओढून धरतात. एका पारड्यात तारांचा ताण, दुसऱ्यात स्प्रिंगांचा. ब्रिजला जोडलेली दांडी दाबली की तारा सैलावतात, सूर उतरतो. सोडली की परत जागेवर येतो. आवाजाला जी लहर येते ती यातूनच, आणि कटकटीही यातूनच.

गिटार हातात आली की एक करून बघा. दुसरी तार वाजती ठेवा आणि तिसरी तार बोटाने पूर्ण एक सूर वर खेचा. टेलीवर दुसरी तार जागची हलत नाही. तरंगत्या, म्हणजे बॉडीवर न टेकता तोललेल्या, ब्रिजच्या स्ट्रॅटवर तीच तार खाली घसरताना स्पष्ट ऐकू येते, कारण खेचलेल्या तारेच्या ताणाने ब्रिज केसभर पुढे झुकलेला असतो. दोन तारा एकत्र वाजवत मींड घ्यायची सवय असेल तर हे घसरणं सतत टोचत राहतं.

तार तुटली की याच्या उलट होतं. एक तार गेली की स्प्रिंगांचं पारडं जड होतं आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. एका कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्यात माझी पहिली तार तुटली आणि पुढची तीन मिनिटं कीबोर्डबरोबर माझी एकही कॉर्ड जुळली नाही. टेली असती तर पाच तारांवर गाणं निभावलं असतं. ट्यूनिंग बदलण्याचंही तसंच. तरंगत्या ब्रिजवर सहावी तार एक सूर खाली घेतली की बाकीच्या पाच पुन्हा लावाव्या लागतात. रोलिंग स्टोन्स बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स सहावी तार काढून पाच तारा ओपन जी मध्ये (काही न दाबता जी कॉर्ड वाजेल अशा) लावतो, तेही टेलीवर. गाण्यागणिक ट्यूनिंग बदलणार असाल तर टेलीच घ्या.

पण स्ट्रॅटच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो फार कमी जण सांगतात. मागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पकडीचे दोन स्क्रू आवळत गेलं की ब्रिज बॉडीवर चपटा बसतो. पुरेसा आवळला तर तार तुटली तरी सूर राहतात, मींडही स्वच्छ येते आणि दांडी खालच्या दिशेने वापरता येतेच. म्हणजे स्ट्रॅटला बऱ्याच अंशी टेलीसारखं वागायला लावता येतं. टेलीला स्ट्रॅटचा ब्रिज बसवायचा तर लाकूड कोरावं लागतं.

जुन्या धाटणीची टेली घेताना सॅडल मोजा. तीन सरळ पितळी सॅडल असतील तर एका सॅडलवर दोन तारा बसतात आणि प्रत्येक तारेची लांबी वेगळी जुळवता येत नाही. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर यांत तफावत उरू शकते. कानाला सूक्ष्म फरक जाणवत असेल तर सहा सॅडलवालीच बघा.

आवाजाचं थोडक्यात. टेलीचा ब्रिजजवळचा पिकअप टोकदार आणि ठणठणीत, गर्दीतूनही कानावर येतो. स्ट्रॅटला तीन पिकअप आणि ते निवडायला पाच जागांचा खटका. सुरुवातीला त्याला तीनच जागा होत्या. वादक खटका मधोमध अडकवून दोन पिकअपचा एकत्र आवाज काढत, आणि १९७७ मध्ये कंपनीने पाच जागा दिल्या. त्या मधल्या दोन जागांचा काचेसारखा, थोडा पोकळ आवाज मला स्ट्रॅटचा खरा ठेवा वाटतो. विजेची गुणगुण दोघींना आहे, मात्र मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर त्या दोन जागांवर ती जवळजवळ मिटते.

अंगालाही विचारा. स्ट्रॅट पोटाशी आणि हाताखाली उतरती तासलेली असते. टेलीची सपाट कड तासाभराच्या रियाजानंतर कोपराखाली रुतते. बसून खूप वाजवणार असाल तर हे हलक्यात घेऊ नका.

एकच गिटार परवडणार असेल आणि स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची तयारी असेल, तर मी स्ट्रॅट सुचवेन. तयारी नसेल तर टेली. स्ट्रॅट घेतलीत तर पहिले काही महिने ब्रिज आवळून ठेवा आणि तारा बदलताना एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका.