६/४ ट्यूबा घेऊन नऊ महिने झाले

शिकागोच्या एका उपनगरात आमचा हौशी ऑर्केस्ट्रा आहे आणि त्यात ट्यूबा, म्हणजे सगळ्यात खर्जाचं पितळी वाद्य, वाजवणारा मी एकटाच. अकरा वर्षं मिराफोन १८६ या मॉडेलचा ट्यूबा वाजवला. तो ४/४ आकाराचा, रोटरी व्हॉल्व्हचा, म्हणजे फिरत्या झडपांचा. वाद्य गुणी, पण सगळा ऑर्केस्ट्रा रंगात आला की माझा खर्ज सुटा, टोकदार ऐकू यायचा. डबल बासच्या खाली तो अंथरल्यासारखा पसरावा अशी फार इच्छा होती. म्हणून गेल्या सप्टेंबरात यॉर्क धाटणीचा ६/४ सी ट्यूबा (मूळ सूर सी असलेला) घेतला, सेकंड-हँड. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दुकानात एकाच मॉडेलचे दोन होते आणि दोघांचे सूर वेगवेगळे लागत होते. मॉडेलचं नाव वाचून हे वाद्य घेऊच नका.

४/४, ६/४ हे आकडे म्हणजे पक्कं मोजमाप नव्हे. दोन्ही आकारांच्या सी ट्यूबांची नळी साधारण सोळा फुटांचीच असते. फरक असतो तो नळीच्या जाडीत आणि बेलच्या, म्हणजे वरच्या पसरट तोंडाच्या, रुंदीत. माझ्या ट्यूबाची बेल वीस इंची आहे. या घराण्याचं मूळ १९३० च्या दशकातलं. ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने त्या काळात दोन मोठे सी ट्यूबा बनवले होते. त्यांतला एक ट्यूबावादक आर्नल्ड जेकब्स यांच्याकडे आला. १९४४ ते १९८८ ते शिकागो सिंफनीत होते, आणि पुढे कितीतरी कंपन्यांनी त्या यॉर्कवरून आपापले ट्यूबा घडवले. नवा जर्मन घ्यायचा तर वीस हजार डॉलरच्या पुढची तयारी हवी. चिनी बनावटीचे बरेच स्वस्त पडतात, आणि त्यांतले काही खरोखर चांगले वाजतात.

निवडताना मी दुकानातल्या छोट्या खोलीतच फसणार होतो. खुर्चीत बसून वाजवताना ६/४ चा आवाज धूसर वाटतो. वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर हातात सापडत नाही. आमच्या बास ट्रॉम्बोनवाल्याने हट्टाने मला जुन्या-नव्या दोन्ही ट्यूबांसह सभागृहात नेलं आणि स्वतः विसाव्या रांगेत जाऊन बसला. मी ब्राम्सच्या दुसऱ्या सिंफनीतल्या सुरुवातीच्या मंद जागा वाजवल्या, मग ड्वोरझाकच्या नवव्या सिंफनीतला लार्गो हा संथ भाग. त्या अख्ख्या सिंफनीत ट्यूबाला मोजून चौदा सूर आहेत, सगळे लार्गोतच. तो म्हणाला, जुना कुठून वाजतोय ते कळतं, नव्याने सभागृह भरतं. मग जागा बदलून मी मागे बसलो, त्याने फुंकलं, आणि माझा निर्णय तिथेच झाला. मोठा ट्यूबा ऐकणाऱ्याच्या जागेवरून निवडायचा, माझं एवढंच ठाम मत आहे.

पहिले दोन आठवडे मात्र सूर जागेवर बसेना. दोष माउथपीसच्या दांड्याचा निघाला. माझा जुना माउथपीस युरोपीय मापाचा, या ट्यूबाचा रिसीव्हर (माउथपीस बसतो ती खोबण) अमेरिकन. जाड दांडा पूर्ण आत जात नव्हता. योग्य मापाचा घेतल्यावर वरचे सूर लगेच सावरले. वाद्याला नावं ठेवण्याआधी हे तपासाच.

पाचवा हार्मोनिक (नळीत निसर्गतः निघणाऱ्या सुरांतला पाचवा) पियानोवरच्या सुरापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभरातले चौदा भाग, उतरलेला असतो, त्यामुळे मधला ई उघडा, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता, वाजवला की खाली लागतो. मी तो पहिला-दुसरा व्हॉल्व्ह दाबून घेतो. पहिली स्लाइड (पहिल्या व्हॉल्व्हची सरकती नळी) डाव्या हाताने सतत मागेपुढे करावी लागते, म्हणून ती वरच्या बाजूला आणि हलकी सरकणारी हवी. पाचव्या व्हॉल्व्हशिवाय खालचा एफ नीट सुरात मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

श्वासाचं कोणी आधी नीट सांगितलं नव्हतं. हळू वाजवायला कमी हवा लागेल असं वाटतं, पण मंद आणि लांब सुरातच हे वाद्य सगळ्यात जास्त हवा खातं. जिथे एका श्वासात चार बार निघायचे तिथे आता तीन निघतात. माझ्या स्वरलिपीत श्वासाच्या खुणा मी नव्याने मांडल्या, आणि त्या निमित्ताने काही जागांचं वाक्य मला पहिल्यांदा कळलं.

वजन अकरा किलोच्या आसपास. मांडीवर पेलत नाही. स्टँड घेतल्यावर पाठ सुटली आणि लीडपाइप, म्हणजे माउथपीसकडची नळी, ओठांच्या उंचीवर आला. जानेवारीत गाडीतून आणला की सूर चांगलाच उतरलेला असतो. तालमीआधी वीस मिनिटं आत ठेवतो आणि न वाजवता गरम हवा फुंकतो.

मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’च्या रावेलने केलेल्या ऑर्केस्ट्रा-रूपातलं ‘बिद्लो’ यावर वाजवायचा हट्ट मी धरला नाही. ते फ्रेंचांच्या छोट्या सी ट्यूबाच्या उंचीचं आहे, बरेच जण तिथे युफोनियम (ट्यूबाचा धाकटा, वरच्या सुरांचा भाऊ) घेतात. ब्रास क्विंटेटमध्येही, म्हणजे पाच पितळी वाद्यांच्या संचात, हा बाकी चार जणांना झाकून टाकतो. जुना १८६ विकायला काढला होता, गिऱ्हाईकही आलं होतं. आता तो ठेवलाय, दर गुरुवारी क्विंटेटला तोच नेतो.