आठ महिने, दोन अ‍ॅम्प आणि एक कानाची चप्पल

सेन्हायझरचा एचडी ६५० हा हेडफोन घेऊन आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात उत्साहानं लिहायला बसलो होतो, दोन परिच्छेद झालेही होते. बरं झालं पुसून टाकले. तेव्हा मी ज्याला अ‍ॅम्पचा, म्हणजे हेडफोनला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा, दोष म्हणत होतो, त्यातला निम्मा माझ्या चष्म्यात निघाला, थोडा माझ्या कानात आणि थोडा घराच्या अर्थिंगमध्ये. अ‍ॅम्पच्या वाट्याला उरलं ते फार थोडं, आणि ते नेमकं काय हे कळायला दोन अ‍ॅम्प खर्ची पडले.

आधी माझी माहिती, कारण हेडफोनचा अनुभव माणसागणिक बदलतो. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपला आहे, म्हणजे दिवसभर लेथ, ग्राइंडर आणि कॉम्प्रेसर. राहायला मंगळवार पेठेत, जुन्या घरात. ऐकणं बहुतेक ख्यालाचं, त्यातही जयपूर-अत्रौली घराण्याचं. त्या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते, त्यामुळे कोल्हापुरात या गायकीवर घरातलीच असल्यासारखा हक्क सांगायची पद्धत आहे. मीही सांगतो. मल्लिकार्जुन मन्सूर अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे शिकले, आणि त्यांच्या कॅसेटी वडिलांनी झिजेपर्यंत वाजवल्या. आणखी एक महत्त्वाची माहिती म्हणजे माझं डोकं मोठं आहे. लग्नात फेटेवाला म्हणाला होता, ‘कापड जरा जादाच खातंय हे.’ वर जाड काड्यांचा चष्मा.

आता हेडफोनकडे. २००३ पासूनचं मॉडेल आहे, ओपन बॅक (कपांची मागची बाजू उघडी), विजेला अडथळा म्हणजे इम्पिडन्स ३०० ओहम, वजन केबल सोडून २६० ग्रॅम. कागदावर १ व्होल्टला १०३ डीबी (डेसिबल) आवाज. हा शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा, पण दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. सगळे वॅट विचारतात.

माझ्या फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या डाँगलमधून जास्तीत जास्त एक व्होल्ट निघतो. म्हणजे रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा क्षण १०३ डीबीला पोचणार. सिनेमाच्या गाण्याला हे भरपूर झालं, ती गाणी आधीच ठोकून सपाट केलेली असतात. ख्यालाचं तसं नाही. आलापी चालू असताना आवाज त्या शिखराच्या वीस-वीस डीबी खाली असतो. त्यामुळे डाँगलवर व्हॉल्यूम शंभर टक्के करून मी आलाप ऐकायचो आणि आणखी थोडा हवा असं वाटलं की पुढं जागाच नसायची. आवाज वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहितो. ज्यांना फक्त गाणी ऐकायची आहेत त्यांनी इथंच थांबावं आणि पैसे वाचवावेत.

मी थांबलो नाही. टेबलावरचा एक सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, अ‍ॅम्प घेतला. नाव लिहीत नाही, कारण मला आलेला नग खराब असेल तर ते सगळ्या कंपनीवर आग पाखडल्यासारखं होईल. जाहिरातीत ‘१ वॅट’ असं ठळक. बारीक अक्षरात, ३२ ओहमवर. तेवढंच व्होल्टेज ३०० ओहमवर दिलं तर १०७ मिलिवॅटच्या आसपास उरतात. ऐकायला फसवणूक वाटते, पण गणित मांडलं तर ११० डीबीचं शिखर गाठायला या हेडफोनला सव्वादोन व्होल्ट, साडेसात मिलिअँपिअर आणि सगळे मिळून सतरा मिलिवॅट पुरतात. म्हणजे गरजेच्या सहापट ताकद होती आणि तरी मी दुसऱ्या अ‍ॅम्पच्या किमती बघत बसलो होतो.

शेजारच्या शॉपमधल्या मित्राकडे हायफायमॅनचा सुंदारा हा हेडफोन आहे. प्लॅनर (आत सपाट पातळ पडदा असलेला), ३७ ओहम, कागदावर ९४ डीबी. तो एका मिलिवॅटला धरला तर त्याच ११० डीबीला त्याला व्होल्टेज लागतं सव्वाच, पण करंट लागतो ३३ मिलिअँपिअर, माझ्या चौपटीहून जास्त. त्याचा हेडफोन माझ्या डाँगलला लावला की तो तोंड वाकडं करायचा आणि माझा त्याच्या अ‍ॅम्पला लावला की दोघंही खूश. एकाला दाब हवा, दुसऱ्याला धार. पाण्याच्या मोटारीला हेड आणि डिस्चार्ज वेगळे बघतात, तसंच हे. आम्हा उद्यमनगरवाल्यांना हे पटकन कळायला हवं होतं, पण त्यावरून दोन महिने वाद घातला.

या अ‍ॅम्पची खरी तक्रार वेगळीच निघाली. हाय गेनवर, म्हणजे आवाज जास्त पटीनं वाढवणाऱ्या सेटिंगवर, नॉब आठाच्या काट्याला असताना डावा कान आधी बोलायचा, उजवा मागून यायचा. तानपुरा एका कुशीवर झोपल्यासारखा. नॉबखालच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे दोन्ही कानांसाठीचे ट्रॅक अगदी तळाला सारखे नसतात, त्याचा हा परिणाम. गेन लो केला, नॉब अकराच्या पुढं गेला आणि दोन्ही कान सारखे झाले. तीनशे ओहम म्हटलं की हाय गेनच, असं मीच ठरवून टाकलं होतं.

दुसरा अ‍ॅम्प ट्यूबचा, इचलकरंजीच्या एका मित्राकडून महिनाभर मागून आणलेला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, ज्याला ओटीएल म्हणतात तो. त्यातल्या ६०८० ट्यूबचा नुसता हीटर ६.३ व्होल्टला अडीच अँपिअर खातो, म्हणजे जवळजवळ सोळा वॅट फक्त तापण्यात. एप्रिलमध्ये आणला होता. खोलीत मी, ट्यूब आणि फॅन, आणि ओपन बॅकमधून फॅनचा आवाज थेट आत. तरी महिनाभर परत द्यावासा वाटला नाही, कारण डग्गा.

एचडी ६५० चे ३०० ओहम सगळ्या स्वरांना ३०० नसतात. खालच्या स्वरांत ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या घरात जातो. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स एखादा ओहम असेल तर याचा काहीच फरक पडत नाही. ओटीएलचा मात्र शंभराच्या वर असतो. १२० धरून हिशेब केला तर खालच्या पट्टीत बाकीच्यापेक्षा साधारण एक डीबी जास्त पोचतो. एक डीबी म्हणजे काहीच नाही, असं मीही म्हणायचो. पण नेमका तो डग्ग्याच्या घुमाऱ्यावर येऊन बसतो. विलंबित एकतालात तबलजी तळहात घासून मींड काढतो ना, ती सॉलिड स्टेटवर ऐकू यायची आणि इथं हाताखालची पुडी दिसायची. ही अ‍ॅम्पची किमया नाही, ओहमचा भागाकार आहे. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत संस्थेच्या १९९६ च्या मानकात हेडफोनच्या आउटपुटला १२० ओहमच सुचवले होते, त्यामुळे याला बिघाड म्हणण्यातही अर्थ नाही. आता ठोकताळा असा की अ‍ॅम्पचा इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाच्या आत असावा. सरळ आवाज हवा असेल तर तो पाळा.

सुंदारा त्याच ट्यूबला लावला तर एक चतुर्थांश व्होल्टेजसुद्धा हेडफोनपर्यंत पोचत नव्हतं, बाकीचं अ‍ॅम्पच्या आतच जिरत होतं. मित्रानं दोन मिनिटं ऐकला आणि म्हणाला, ‘भावा, गवई पन्हाळ्यावर बसलाय काय?’

घरघर आणि झिणझिण्यांचं थोडक्यात. लॅपटॉप चार्जरला असला की अ‍ॅम्पमध्ये बारीक घरघर यायची आणि त्याच्या डब्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या. केबल बदलून बघितल्या, त्यात पैसे गेले. शेवटी वायरमन बोलावला. त्यानं बोर्ड उघडला आणि हसला. तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. अर्थिंगचा खड्डा नवा मारला, लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घेतले, घरघर गेली. जुन्या पेठांत राहणाऱ्यांनी अ‍ॅम्प घेण्याआधी हे बघून घ्यावं.

आणि कान. संध्याकाळी सातला घरी आल्यावर मला नॉब बारावर लागायचा. रविवारी सकाळी तेच रेकॉर्डिंग दहावरच पुरायचं. मी व्होल्टेजला दोष देत होतो, संध्याकाळी लाइन डाउन असते म्हणून. मल्टिमीटर लावला तर फरक नगण्य. डाउन होते ते कान. दिवसभर ग्राइंडरशेजारी उभा राहिलेला माणूस संध्याकाळी तात्पुरता अर्धा बहिरा असतो. आता शॉपमध्ये इअरप्लग घालतो आणि घरी आल्यावर तास-दीड तास काही ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डीबी अशी मर्यादा सांगितली आहे, आणि दर तीन डीबीला ती वेळ निम्मी होते. माझा बराचसा कोटा उद्यमनगरातच संपतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. पहिले दोन महिने पाऊण तासावर ऐकता येत नव्हतं. कानाच्या वर, चष्म्याची काडी जिथं दबते तिथं, ठणका लागायचा. हेडफोन काढला की बायको म्हणायची, ‘अहो, गालावर पट्टे उठलेत.’ दोष हेडफोनचा म्हणवत नाही. सरासरी डोक्यासाठी केलेली स्प्रिंग मोठ्या डोक्यावर जास्त ताणली जाणार, हे उघड आहे.

मग शॉपमधलं डोकं चालवलं. हेडफोनचा एक कप व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, रबर लावून धरला, दुसऱ्याला रिबीन बांधून आकड्याचा स्प्रिंग काटा अडकवला आणि माझ्या डोक्याच्या रुंदीइतकं, १६ सेंटिमीटर, अंतर पडेपर्यंत ओढलं. काटा ३४० ग्रॅमवर. रात्रभर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवला. सकाळी ३३०. दुसऱ्या रात्री दोन अंक वाढवले. तेच ३३०. स्प्रिंगचं पोलाद असं मनधरणीनं ऐकत नाही. शेवटी दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढल्या आणि फक्त उघड्या पट्टीवर अंगठे ठेवून अगदी थोडं बाहेर वाकवलं. थोडं म्हणजे खरंच थोडं, मग काटा, मग पुन्हा थोडं. प्लास्टिकच्या भागावर जोर देऊ नका, तिथं तडा गेला तर हळहळण्याशिवाय काही हातात राहत नाही.

हावरटपणा नडला. १८० ग्रॅमपर्यंत आणला आणि खूश झालो. डोक्यावर असल्याचं कळतच नव्हतं. पण आवाजातला खर्ज गेला. ट्यूबनं एक डीबी वर उचललेला डग्गा माझ्या अंगठ्यांनी त्याहून खाली ढकलला होता, पॅड गालाला नीट टेकत नसल्यामुळे. शिवाय ताटाकडे बघायला मान खाली घातली की हेडफोन आमटीत जायच्या बेतात. परत आत वाकवला. २४० ला थांबलो आणि तिथंच आहे.

जाड काड्यांचा चष्मा ऐकताना आता बाजूला. राजारामपुरीतून बारीक धातूच्या काडीचा एक स्वस्तातला करून घेतला. पॅड आणि कातडीमधली फट बंद झाली तेव्हा खर्जात जो फरक पडला, तो दोन्ही अ‍ॅम्पमधल्या फरकापेक्षा मोठा होता. हे कबूल करताना खिसा दुखतो.

उरला माथा. केस विरळ झालेत, त्यामुळे वरच्या पट्टीची गादी दोन तासांनी टोचायची. फोमची पट्टी चिकटवून बघितली, घामानं सुटली. तेव्हा सुभाषनगरात एका ओळखीच्या कारागीर मामांकडे गेलो, ज्यांच्याकडून चपला घेतो. त्यांनी हेडफोन हातात फिरवून बघितला, पट्टीवर नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, ‘पावणं, चपलीचा कान आमी रोज करतोय. तुमी कानाचीच चप्पल करायला आणलीसा की!’ बकऱ्याच्या मऊ कातड्याचं आवरण, आत पातळ फोम, खालून वादी घालून बांधायचं, शिवण माथ्याला लागणार नाही अशी कडेला. कोरं कातडं टणक होतं. त्यांनी बोटावर तेल घेऊन उलट्या बाजूनं चोळलं आणि बजावलं, ‘आठ दिस चावंल. मग तुमचंच हुईल.’ सहा दिवसांतच झालं. तेल जास्त लावू नका, पॅडवर उतरतं.

ट्यूब अ‍ॅम्प मे महिन्यात परत गेला. सध्या सॉलिड स्टेटच आहे, लो गेनवर, आणि डग्ग्यासाठी प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये ९० हर्ट्झला एक डीबी वाढवलाय. ट्यूबवाल्या मित्राला हे सांगितलेलं नाही.

जुलैत पॅडला कुबट वास यायला लागला. काढून सौम्य साबणाच्या पाण्यात हातानं धुतले आणि सावलीत ठेवले. पंचगंगा पात्राबाहेर असताना कोल्हापुरात काही वाळतं का? तीन दिवस लागले. धुतल्यानंतर ते आणखी बसलेत, कानाला आतली जाळी टेकते, म्हणून नवी जोडी मागवलीय. नवे पॅड जाड असणार, म्हणजे कप पुन्हा बाहेर ढकलले जाणार आणि काटा परत २४० च्या वर जाणार. तोवर दिवाळी अंकांचा गठ्ठा रद्दीत द्यायचा नाही, असं घरी सांगून ठेवलंय.