पार्ट-टाइम फोर बाय फोर पिकअप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डबल कॅब डिझेल पिकअप, मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे पाटे, मागच्या डिफरन्शिअलला (अ‍ॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) लॉक आणि गिअर लिव्हरच्या शेजारी गोल नॉब: टू हाय (जोर फक्त मागच्या चाकांना), फोर हाय (चारही चाकांना), फोर लो (चारही चाकांना, कमी वेगात जास्त जोर). आठ महिन्यांत डांबर, मुरूम, चिकण माती, वाळू आणि गुडघाभर पाणी हे सगळं झालं. इंजिन, सीट आणि स्क्रीनबद्दल इथे काही नाही. फक्त त्या नॉबबद्दल, कारण गाडी हातात देताना सगळ्यात कमी समजावून सांगतात ते त्याच्याचबद्दल, आणि चुकीचा वापरला तर सगळ्यात महागात पडतो तोही तोच.

पार्ट-टाइम म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) मधलं डिफरन्शिअल नसतं. फोर हाय लावलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) एकमेकांना जखडले जातात आणि दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. सरळ चालताना काही अडत नाही. वळताना मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात. हिशोब करून पाहा. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.१ मीटर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळतोय असं धरलं, तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्याची त्रिज्या जवळपास ५.९ मीटर येते. एका यू-टर्नमध्ये मागचा अ‍ॅक्सल १५.७ मीटर चालतो, पुढचा १८.५ मीटर. फरक २.८ मीटरचा. २६५/६५ आर १७ मापाच्या टायरचा घेर साधारण २.४४ मीटर असतो. म्हणजे एवढ्या एका वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा एक पूर्ण फेरा जास्त हवा असतो आणि ट्रान्सफर केस तो देत नाही.

चिखलात टायर थोडा घसरतो आणि हिशोब तिथल्या तिथे मिटतो. कोरड्या डांबरावर टायर सोडत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये, युनिव्हर्सल जॉइंटमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये साठत जातो. लक्षणं ओळखायला सोपी आहेत. स्टिअरिंग जड होतं, हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिलाय अशी गाडी अडते, घट्ट वळणावर टायर चिरकतो आणि मधूनच खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे एखाद्या चाकाने शेवटी हार मानून घसरून घेतलं.

बहुतेकांची तक्रार असते ती इथूनच सुरू होते: नॉब टू हायवर आणला तरी फोर बाय फोरचा दिवा लुकलुकतच राहतो. मोटर किंवा स्विच बिघडला असं वाटून लोक गॅरेज गाठतात. बऱ्याचदा बिघाड काहीच नसतो. दोन्ही शाफ्ट जोडणारी स्लीव्ह पिळामुळे दात्यांवर इतकी दाबलेली असते की सरकत नाही. स्टिअरिंग सरळ करा, रिव्हर्समध्ये तीन-चार मीटर सावकाश मागे या, थांबा, पुन्हा पुढे या. पीळ उलगडला की ‘टक्’ होऊन दिवा विझतो. तरी नाही विझला तर बाजूच्या मातीवर किंवा खडीवर एक चाक घेऊन हेच करा. नॉब सारखा पुढे-मागे फिरवू नका, एकदा फिरवून वाट पाहा. जिथे नॉबऐवजी लोखंडी लिव्हर असते तिथे जोर काढण्याचा मोह फार होतो. तो आवरा, स्लीव्ह सरकवणारा शिफ्ट फोर्क वाकतो.

पाऊस पडतोय म्हणून डांबरी रस्त्यावर फोर हाय लावणं ही सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. ओल्या डांबराचीही पकड पीळ धरण्याइतकी असते. शिवाय फोर बाय फोर गाडी पुढे ढकलायला मदत करतं, थांबवायला नाही. ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच आहेत. घसरड्या रस्त्यावर फोर हायमध्ये गाडी झटकन वेग घेते, त्यामुळे पकड चांगली आहे असा भ्रम होतो आणि पुढच्या वळणावर तो फिटतो. रस्त्यावर सलग चिखल, सुटी खडी किंवा बर्फ असेल तरच ते लावावं.

लावायची पद्धत सोपी आहे, वेळ मात्र चुकू नये. टू हायवरून फोर हाय चालत्या गाडीत लागतं. कमाल वेग मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, बऱ्याच पिकअपमध्ये ८० ते १०० किमी. पण ४०च्या खाली, स्टिअरिंग सरळ ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून लावलं तर आवाजही येत नाही. दोन-तीन सेकंद थांबा, दिवा स्थिर झाला की मगच जोर द्या. मागची चाकं गरगर फिरत असताना कधीही लावू नका. पुढचा शाफ्ट जवळजवळ थांबलेला, मागचा जोरात फिरतोय, अशात दाते करकरणारच. आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, चाकं थांबू द्या.

खरं तर ती वेळ येऊच नये. चिखल दिसला की त्यात शिरण्याआधी फोर हाय. रुतल्यावर लावलं तर मागच्या चाकांनी तोवर खड्डा खणलेला असतो, डिफरन्शिअलचा गोळा मातीवर टेकलेला असतो आणि पुढच्या दोन चाकांना अख्खी गाडी ओढायची असते. रिकामी पिकअप तर हटकून फसते, कारण इंजिनाचं वजन पुढे आणि जोर लागतो मागच्या चाकांना. हौदा रिकामा असेल तर ओल्या गवताचा साधा चढसुद्धा टू हायमध्ये जमत नाही. फोर हायमध्ये तीच गाडी शांतपणे चढते, कारण वजनाखालची चाकंही आता कामाला लागतात. माल असेल तर तो मागच्या फाळक्याला टेकवून नको, केबिनकडे सरकवून अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे येईल असा लावा.

फोर लो हे वेगळंच हत्यार आहे. त्याने पकड वाढत नाही, जोर वाढतो आणि वेग कमी होतो. पहिला गिअर ४.३, लो रेंज २.५७ आणि डिफरन्शिअल ३.९ असेल तर एकूण गुणोत्तर ४३ येतं. म्हणजे ७५० आरपीएमच्या आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) गाडी ताशी अडीच किमीने सरकते. हायमध्ये हाच वेग साडेसहा येतो. दगडांवरून जाताना आणि तीव्र उतारावर या फरकाला तोड नाही. उतारावर लो-पहिला टाका आणि दोन्ही पाय पेडलवरून काढा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. क्लच दाबला तर हा सगळा फायदा त्याच क्षणी जातो. चिखलात मात्र लो-पहिला नको. इतका जोर एकदम चाकावर आला की ते जागच्या जागी फिरतं. लो-दुसरा किंवा तिसरा घ्या. फोर लो लावायला गाडी उभी करून क्लच पूर्ण दाबा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल. दाते समोरासमोर आले नाहीत तर लागत नाही. मग गाडी जरा हलवून पुन्हा प्रयत्न करा. काही गाड्यांत ताशी दोन-तीन किमीने सरकत असतानाच ते बिनबोभाट लागतं.

डिफरन्शिअल लॉकबद्दल थोडक्यात. चार चाकांना जोर म्हणजे चारही चाकं ओढतात असं नाही. साधं डिफरन्शिअल हवेतल्या चाकाला फिरवत बसतं, त्यामुळे तिरकस खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं एक चाक उचललं गेलं की गाडी थांबते. मागचं लॉक इथेच कामी येतं. अडचण समोर दिसतानाच, चाकं फिरत नसताना लावा आणि सुटल्याबरोबर काढा. लॉक असताना गाडी वळायला तयार नसते, आणि अनेक गाड्यांत तेव्हा एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल या घसरण आवरणाऱ्या यंत्रणा बंद असतात.

टायरकडे दुर्लक्ष म्हणजे रोजचा पीळ. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, आणि त्यांच्या नक्षीत साडेपाच मिमीचा फरक असेल, तर घेरात साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. कागदावर किलोमीटरमागे १४ मीटर, तेही सरळ रस्त्यावर! चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे ठेवा, पुढे-मागे अदलाबदल वेळेवर करा. वेगळ्या मापाची स्टेपनी लावली असेल तर फोर बाय फोर विसरा. वाळूत हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली की जो फरक पडतो तो कुठल्याही नॉबने पडत नाही. टायरचा ठसा लांब होतो आणि गाडी वर तरंगल्यासारखी चालते. हवा १५ पीएसआयच्या खाली असताना झटक्याने वळलं तर टायर रिमवरून निसटू शकतो. कंप्रेसर जवळ नसेल तर हवा सोडूच नका, कारण डांबरावर तसंच जोरात गेलं तर टायरच्या बाजू तापून फाटतात.

देखभालीत दोन गोष्टी हमखास राहून जातात. महिनोन्‌महिने टू हायमध्येच चालवली तर पुढच्या डिफरन्शिअलचे वरचे भाग आणि सील कोरडे पडतात, पुढची चाकं जोडणारा अ‍ॅक्च्युएटर अडकतो. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये दर महिन्याला १६ किमी फोर व्हीलमध्ये चालवा असं दिलेलं आढळतं. ते मातीच्या किंवा खडीच्या सरळ रस्त्यावर करावं. दुसरी गोष्ट ब्रीदर, म्हणजे अ‍ॅक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी वाट. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती पोकळी सीलमधून पाणी ओढून घेते. खोल पाण्यातून गेल्यावर फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) काढून बोटाने ऑइल पाहा. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. दोन्ही डिफरन्शिअलला साधारण जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल असतं. ट्रान्सफर केसमध्ये काहींना गिअर ऑइल, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं. मेकॅनिकच्या सवयीने एकच डबा सगळीकडे ओतला जातो, तेव्हा मॅन्युअल उघडून समोर ठेवा. शाफ्टच्या निपलना पाण्यातून आल्यावर ग्रीस मारा. जुनं, गढूळ ग्रीस बाहेर येईपर्यंत.

नॉबबद्दल माझी तक्रार एकच. दिवा एवढासा आहे की उन्हात लुकलुकतोय की स्थिर आहे ते कळत नाही, आणि नेमकं तेच कळायला हवं असतं. ज्या गाड्यांत ट्रान्सफर केसला वेगळा न्यूट्रल असतो त्यांच्या चालकांनी आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवावी: त्या न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स ‘पी’वर किंवा पहिल्या गिअरमध्ये ठेवला तरी गाडी धरली जात नाही, कारण चाकांशी त्याचा संबंधच तुटलेला असतो. तिथे फक्त हँडब्रेक आणि चाकाखाली दगड.