कर्लिंगचे शूज, सहा महिने वापरल्यावर (आणि तो ग्रिपर!)

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत गोल लक्ष्यात थांबवायचा खेळ. त्याचे हे शूज ऑक्टोबरमध्ये घेतले, आता सीझन संपत आलाय. मागच्या मंगळवारी आम्ही एका पॉइंटने हरलो आणि ते ग्रिपर नावाच्या रबरी कव्हरमुळे, म्हणून लिहायला बसले.

मी कॅलगरीत ऑफिसच्या लीगमध्ये खेळते, डावखुरी आहे, म्हणजे हॅकमधून (बर्फात बसवलेला पाय टेकायचा आधार) डाव्या पायाने ढकलायचं आणि स्लायडर (घसरायचा गुळगुळीत तळ) उजव्या बुटाला. डावखुऱ्यांचे जोड दुकानात दोनच होते, माझ्या मापाचा एक, १८० डॉलर मोजले. टेफ्लॉनचं स्लायडर, ३/१६ इंच. आधीच्या वर्षी क्लबचं इलॅस्टिकवालं स्लायडर साध्या बुटावर चढवून खेळायचे, ते हळू होतं. या नव्या बुटांवर पहिल्याच दिवशी दोनदा गुडघ्यावर आपटले, नोव्हेंबरभर वाटत होतं पैसे पाण्यात गेले, पातळ, कमी घसरणारं स्लायडर घ्यायला हवं होतं. पण डिसेंबरात कधीतरी तोल सापडला, भार दगडावर न टाकता सगळा उजव्या पायावर यायला लागला, आणि आता हॉग लाइनपर्यंत (जिच्या आत दगड सोडावा लागतो ती रेघ) सरळ जाते. तर ते मत मागे घेते. बूट उत्तम आहेत, ऊबदार आहेत. डाव्या बुटाचं टोक मात्र बर्फावर घासून झिजतं, त्यावर रबरी कोटिंग पहिल्या दिवशीच लावून घ्या, मी उशिरा लावलं.

आता ग्रिपर. स्वीप करताना, म्हणजे दगडापुढचा बर्फ ब्रशने घासताना, स्लायडरवर घसरू नये म्हणून जे रबरी कव्हर चढवतो ते. सोबत आलेलं एक माप मोठं होतं, सारखं निघायचं, बर्फावर ते निघालं तर माणूस डोक्यावर पडेल. दुकानात गेले तर म्हणे पाकीट फोडलंय, बदलून मिळणार नाही. अहो, न फोडता माप कसं कळणार? तीन चकरा मारल्या, काही उपयोग नाही. नवीन २५ डॉलरचं, मग मी चिडून मागच्या वर्षीचंच जुनं चढवलं.

तिथेच चुकलं माझं. जुनं रबर कडक होऊन भुगा सोडतं. जवळपास २० किलोचा दगड खालच्या एका अरुंद गोल कडेवरच चालतो, तिच्याखाली एक कण आला तरी भलतीकडे वळतो, याला पिक म्हणतात. शेवटच्या एंडला (फेरीला) आमच्या स्किपचा, म्हणजे कप्तानाचा, छान चाललेला दगड हाऊसच्या (लक्ष्याच्या वर्तुळाच्या) अलीकडेच झटकन वळला. बर्फावरून काळा कण उचलला तो माझ्याच ग्रिपरचा. स्किप काही बोलली नाही, पण मला रात्री झोप लागली नाही.

बुधवारीच दुसऱ्या दुकानातून नवीन आणलं, पायात घालून बघून. दर सीझनला नवीन घ्या, तळहातावर घासून काळं लागलं तर लगेच फेका, आणि पार्किंगमध्ये हे बूट घालून अजिबात चालू नका, सोलमध्ये अडकलेली खडी आणि मीठ थेट बर्फावर येतं. मी आता बूट वेगळ्या कापडी पिशवीत नेते आणि आत बाकावर बसूनच घालते.